पलंगाखालचं शेत

पॉलच्या पलंगाखाली एक पत्र्याचा डबा होता आणि त्या डब्यावर त्याचा जेवढा जीव होता, तेवढा आपल्यावर आहे की नाही, याची त्याच्या बायकोला शंका होती. ऑलिव्ह तसं तोंडावर बोलूनही दाखवायची. "सोनं आहे काय रे त्यात?" पॉल म्हणायचा, "आहे. हात लावू नको." मग ती डब्याच्या भोवतीनं झाडू फिरवायची आणि विषय तिथेच संपायचा.

डब्यात माती होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मालाडच्या खारोडी गावात पॉलच्या बापजाद्यांचं भाताचं शेत होतं. गाव म्हणजे आता चहूबाजूंनी इमारतींनी घेरलेल्या चार गल्ल्या, आणि शेत तर नावालाही उरलेलं नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या, शेवटचा तुकडाही बिल्डरकडे गेला. जेसीबी यायच्या आदल्या दिवशी पॉल एकटाच बांधावरून खाली उतरला आणि भेगाळलेल्या जमिनीतली ढेकळं बिस्किटांच्या मोठ्या डब्यात भरून घरी घेऊन आला. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. तिथे टॉवर उभा आहे, आणि पॉल त्याच्यासमोरून जाताना मान वर करत नाही.

माती ठेवली कशासाठी, हे मात्र त्यानं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. झालं होतं असं, की त्याच वर्षी, शेत जायच्या थोडं आधी, त्याचा मोठा भाऊ वारला. सिमेट्रीत सगळ्यांसारखी पॉलनेही खड्ड्याच्या काठावरची मूठभर माती उचलली, आणि पेटीवर टाकायच्या आधी त्याच्या बोटाला काहीतरी टोचलं. मूठ उघडून पाहतो तर बाथरूमच्या टाइलचा निळा तुकडा! ज्या माणसानं जन्मभर चिखलात उभं राहून भात लावला, त्याच्या अंगावर शेवटी डेब्रिज पडायचं? पॉलला ते इतकं लागलं की त्यानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं, आपल्यावर पडेल ती आपल्याच शेतातली माती. एकदा त्यानं ऑलिव्हकडे विषय काढूनही पाहिला. "मी गेल्यावर ना..." एवढंच तो बोलला. तिनं घाईघाईनं कपाळा-छातीवर क्रूस काढला आणि "सकाळी सकाळी हेच सुचतं काय तुला?" म्हणून चहाचा कप त्याच्यापुढे आदळला. पुन्हा बोलायची त्याची हिंमत झाली नाही. ऑलिव्हपुढे भल्याभल्यांची होत नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्याची मुलगी लिओना हिच्या डोक्यात माशांच्या टाकीनं घर केलं. लिओना मालाडातच एका ऑफिसात कॉम्प्युटरपुढे दिवस काढायची. तिला नुसते मासे नको होते, काचेच्या छोट्या टाकीत जिवंत झाडं हवी होती. स्टेशनजवळच्या माशांच्या दुकानातला विशाल तिचा गुरू झाला होता. एका संध्याकाळी तिनं जेवणाच्या टेबलावर तीन वाट्या मांडल्या आणि बापाला बोलावलं.

"डॅडी, बघ ना. ही बारीक खडी. विशाल म्हणतो, नुसती दिसायला. तिच्यात मुळांना खायला काहीच नाही, मग मुळाशी खताच्या गोळ्या खुपसत बसायचं. ही वाळू, हिचं पण तेच. आणि ही रेडिमेड माती, खास पाण्यातल्या झाडांची."

पॉलनं तिसऱ्या वाटीतले काळे गोल दाणे बोटांत चोळले, नाकाशी नेले. "ही माती? मग हिला वास कुठाय?"

"बाहेरून येते, डॅडी. इम्पोर्टेड."

"माती इम्पोर्टेड? वाट लागली दुनियेची!" पॉल खुर्चीत सरसावून बसला. शेताचा विषय निघाला की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. "अगं, आपल्या शेतात काडी खोचली तरी तिला पान फुटायचं. वर्सोव्याहून सुक्या मासळीचा भुगा आणायचा, एकदा पसरायचा, बस्स. गोळ्या माणसांना लागतात. आपल्या मातीला कसली गोळी? तिच्यासारखी माती आख्ख्या दुनियेत नाही, तुझ्या त्या विशालला सांग."

बढाईच्या भरात माणसाचं भान सुटतं. लिओना ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिची नजर आतल्या खोलीकडे, पलंगाकडे गेली, हे पॉलच्या लक्षातही आलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांच्यावर आशीर्वाद घ्यायचा, ही ईस्ट इंडियन लोकांची जुनी रीत. पण शेतच नाही तर लोंब्या आणायच्या कुठून? म्हणून पॉल दर वर्षी गोराईला बहिणीकडे, फ्रेडाकडे जातो. फ्रेडाच्या सासरी अजून थोडं भात होतं. यंदाही तो शनिवारी गेला, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आशीर्वादाच्या लोंब्या हातात धरून घरी परतला.

दारातच त्याचे पाय थांबले. खिडकीजवळच्या स्टुलावर टाकी होती, वर दिवा लावलेला. आत हिरवी पाती उभी होती आणि दिसेल न दिसेल अशा पाण्यात ती हळूच कलत होती. खाली पांढऱ्या वाळूचा थर, आणि त्याच्याखाली, काचेला चिकटून, एक काळपट करडा पट्टा.

"ओळख बघू खाली काय घातलंय!" लिओना आनंदानं नाचायचीच बाकी होती. "मी स्वतः मुसळानं ढेकळं फोडली, मम्माच्या चाळणीनं चाळली. विशाल पण म्हणाला, शेतातली माती मिळाली तर खाली तीच घाल, वर वाळूनं झाक, इम्पोर्टेडला विसर. तुझ्यासाठी सरप्राइज, डॅडी!"

पॉल आत गेला, वाकला, पलंगाखाली पाहिलं. डबा नव्हता. डबा मागच्या पायरीवर उन्हात उपडा घातलेला होता. ऑलिव्हनं तो राख लावून लख्ख घासला होता आणि त्यात आता चिवडा ठेवावा की पापड, याच विचारात ती उभी होती.

मग जो आवाज झाला तो चार गल्ल्यांनी ऐकला. इतक्या वर्षांत जे सांगता आलं नव्हतं ते सगळं पॉलनं एका दमात ओरडून सांगितलं: भाऊ, खड्डा, टाइलचा निळा तुकडा. "माझ्या मरणाची होती ती! माझ्या अंगावर टाकायची होती!" ऑलिव्ह होती तिथेच पायरीवर बसली. लिओनाचा चेहरा पांढरा पडला. पॉलनं बाहीही वर न करता टाकीत हात घातला, कोपऱ्यातली वाळू बाजूला ढकलली आणि खालची माती मुठीत धरून वर ओढली. पण चिखल मुठीत कधी राहिलाय? हात पाण्याबाहेर येईपर्यंत बोटांच्या फटींतून सगळा निसटला. टाकीतलं पाणी चहासारखं झालं, हिरवी पाती दिसेनाशी झाली, आणि पॉल ओला हात मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिला.

त्यानंतर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. "येत्या रविवारी मी टाकी उपसते, डॅडी," लिओना रडून रडून म्हणाली. "सगळी माती काढते, पेपरवर वाळवते, डब्यात परत भरते." पॉलनं टाकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

रविवारी चर्चमधून, मासहून आल्यावर लिओनानं बादली आणली, नळी आणली, आणि आत नीट दिसावं म्हणून दिवा लावला. पाणी आता निवळलं होतं. पॉल पेपर घ्यायला म्हणून तिथून चालला होता. जाता जाता त्याची नजर पडली, आणि तो म्हणाला, "थांब."

त्यानं काचेला नाक लावलं. ज्या कोपऱ्यात त्यानं वाळू उकरून माती उघडी पाडली होती, तिथे पाण्यात काहीतरी हलत होतं. पांढरे ठिपके. मोहरीच्या दाण्याहूनही लहान, पण नुसते तरंगत नव्हते. टुणकन वर जात होते, थांबत होते, आपल्या मर्जीनं वळत होते. दहा-वीस नव्हेत, शेकडो.

पॉलच्या अंगावर काटा आला. हे ठिपके त्यानं पाहिले होते! जुलैत खाचरात पाणी साचलं की आय ओंजळीत ते पाणी घ्यायची आणि उजेडाकडे धरायची. ठिपके हलताना दिसले की म्हणायची, "पाणी जिवंत झालं. आता लावणी करू." पॉल तेव्हा तिच्या कमरेएवढा होता. त्यानंतर त्यानं स्वतः किती वर्षं तशीच ओंजळ धरली होती!

"हे कुठून आले गं?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं. "माशांबरोबर?"

"मासे अजून आणलेच नाहीत, डॅडी." लिओनाही आता वाकून बघत होती. "झाडं पण मी नळाखाली धुऊन लावली होती."

"मग नळाच्या पाण्यात कसे येतील?" ऑलिव्ह मागून म्हणाली. तिघंही त्या एका काचेपुढे डोकी जुळवून उभी राहिली. बादली तशीच राहिली. त्या रविवारी मटण करपलं आणि कुणी कुणाला बोल लावला नाही.

पुढे तर नवलच झालं. त्याच कोपऱ्यात केसासारखे हिरवे धागे वर आले. मग धाग्यांच्या टोकाला एकेक इवलंसं पान. मग जोडपान. पॉल सकाळी उठला की चहाच्या आधी टाकीपुढे. पेपर वाचायचा सोडला, पत्त्यांचा अड्डा सोडला. आणि नाताळची चाहूल लागत असताना एका सकाळी त्याला दिसलं, की एका देठावर चार पानं उघडली आहेत, अधिकाच्या खुणेसारखी नीट मांडलेली.

"चारपानी!" तो एवढ्या जोरात ओरडला की ऑलिव्हला वाटलं, पुन्हा काहीतरी सांडलं. "लिओना, अगं हे आपल्या शेतातलं तण! लहानपणी हे उपटून उपटून माझी बोटं सोलायची. दर वर्षी उपटायचो, दर वर्षी शिव्या द्यायचो, दर वर्षी हजर!"

लिओनानं फोटो काढून शोधाशोध केली आणि सापडलं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "डॅडी, ऐक. याचे काळे कठीण दाणे असतात. सुकलेल्या चिखलात ते वर्षानुवर्षं जिवंत पडून राहतात. कधी कधी माणसाच्या आख्ख्या आयुष्याएवढे. वरचं टरफल फुटलं आणि पाणी मिळालं, की उठतात."

टरफल तिच्या मुसळानं फोडलं होतं. उजेड त्याच्या रागानं दाखवला होता. पॉल खुर्चीत बसला. इतकी वर्षं तो रोज त्या पलंगावर आडवा पडून आपल्या मरणाचा विचार करत होता, आणि त्याच्या पाठीखाली, हातभर अंतरावर, कोरड्या ठणठणीत डब्यात हे सगळं जिवंत होतं. आयच्या ओंजळीतलं पाणी होतं. शिव्या खाल्लेलं तण होतं. शेत मेलं म्हणून त्यानं सुतक धरलं, आणि शेत मात्र निवांत पावसाची वाट बघत होतं. देवाची करणी आणि नारळात पाणी असं आपण सहज बोलून जातो, पण ती करणी आपल्याच पलंगाखाली निघाली तर बोलायचं काय? त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यानं पुसलंही नाही.

मग त्यानं विचारलं, "त्या मुळाच्या गोळ्या आहेत काय गं तुझ्याकडे?"

"आहेत. पण तूच म्हणालास, आपल्या मातीला गोळी लागत नाही."

"म्हणालो असेन. बाळंतिणीला चांगलंचुंगलं देतात ना? दे एक."

या वेळी त्यानं बाही नीट कोपरापर्यंत दुमडली. गोळी चिमटीत धरली, हात सावकाश पाण्यात सोडला आणि चारपानीच्या मुळाशेजारी अंगठ्यानं अलगद दाबली, भाताचं रोप चिखलात रोवतात तशी. अंगठा वळवून वर घेताना माती पाण्यात जराही उडाली नाही. लहानपणापासूनची सवय होती ती.

लिओना बघत राहिली. मग घाबरत घाबरत तिनं विचारलं, "डॅडी... आणि तुझ्यासाठी? मी थोडी काढून ठेवू? वाळवून?"

"नको, तिला हलवू नको," पॉल टाकीवरची नजर न काढता म्हणाला. "तिला आता काम आहे. माझ्यावर काय, टाइलचा तुकडा पडला तरी चालेल."

ऑलिव्हनं या वेळी क्रूस काढला नाही. पॉल उठला, आत गेला आणि पलंगाखालून तो डबा ओढून बाहेर घेऊन आला. त्या दुपारपासून तो रिकामाच होता. तो तिथे परत ठेवायची ऑलिव्हला बुद्धी झाली होती, पण त्यात काही भरायचा धीर झाला नव्हता. पॉलनं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि डबा तिच्या हातात दिला.

"नाताळची गोड कुलकुलं यंदा यात भर," तो म्हणाला. "चांगला मोठा आहे."