हत्तीच्या मापाची कमान

ट्रॅक्टर जरासा पुढे सरकला आणि माझ्या मालकांचा उजवा हात सापडला. खाली गणपतीचा मुकुट, वर पुलाच्या कमानीतून लोंबणारं लोखंडी कमळ, मध्ये हात. ते ओरडले असतील. ताशा इतका जोरात होता की मला फक्त त्यांचं उघडं तोंड दिसलं. भाद्रपदातलं ऊन कलत होतं. मुकुटाच्या सोनेरी रंगावरून लाल धार गणपतीच्या कपाळावर उतरली. खालच्या पोरांना तो गुलाल वाटला आणि ती 'मोरया' म्हणाली.

"मागं घे की रं मुडद्या, मागं घे!" मी ड्रायव्हरच्या दंडाला धरून ओरडले. त्यानं मागं घेतलं, पण तोवर हाताचं व्हायचं ते झालं होतं.

मुकुटाचा रंग खरवडू नये म्हणून ते वर चढून पोत्याची घडी मध्ये सारत होते. चढायच्या आधी मंडळाच्या पोरांनी विचारलं होतं, "मामा, जाईल न्हवं?"

"जातंय की," ते म्हणाले होते, "माप माझ्या बापाचं हाय."

तो बाप म्हणजे माझे सासरे. ते सांगायचे की संस्थानाच्या काळात नाल्यावर हा पूल झाला. खाली काळ्या दगडाचे तीन गाळे आणि कठड्याला जाळीची नक्षी. रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी कमान होती, तिच्यावर वेली, पानं आणि मधोमध उलटं कमळ. खांबांच्या पायथ्याला दगडी सिंह बसवले होते. दसऱ्याला हत्ती अंबारीसकट जावा म्हणून कमानीची उंची हत्ती उभा करून ठरवली, असं ते म्हणायचे. खरं-खोटं मी बघितलेलं नाही. हत्ती गेले, संस्थान गेलं, पण आमच्या कुंभारांच्या गल्लीला ते माप उरलं. सासऱ्यांनी वेळूची एक काठी रस्त्यावरून कमळाच्या टोकाला लावून तिच्यावर खाच पाडली होती. ट्रॉलीसकट मूर्ती त्या खाचेच्या आत बसली पाहिजे. गल्लीतला प्रत्येक मोठा गणपती त्या काठीनं मापून बाहेर पडायचा.

काठी तेवढीच राहिली, रस्ता मात्र वर येत गेला. डांबरावर डांबर पडत होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या सिंहांच्या पंजांवर शेवाळ असायचं, पोरं त्यावर बसून शेंगा खायची. पंजे कधी बुजले, मग गुडघे कधी बुजले, हे सगळ्या गल्लीनं रोज जाता-येता बघितलं आणि कुणाच्याही ध्यानात आलं नाही. सिंह बसका झाला म्हणजे कमान खाली आली, एवढा विचार कुणी केला नाही.

मालक दिसायला काही विशेष नव्हते. बुटके, काळे, कानात केस, बोलणं तुटक. पण मूर्तीचे डोळे उघडायचे असले की हा माणूस निराळा व्हायचा. श्रावणातल्या ओल्या सकाळी दारातून तिरका उजेड आत यायचा, भिंतींना प्लास्टरचा वास असायचा आणि ते उकिडवे बसून कुंचल्याचं टोक ओठांत धरायचे. त्या वेळी घरात बोलायचं नाही, स्टोव्ह पेटवायचा नाही, पोरानं रडायचं नाही. सगळं घर उपाशी आणि गप्प. श्वास रोखून ते एकच रेघ ओढायचे आणि मग प्लास्टरच्या त्या ढिगातलं कुणीतरी आपल्याकडं बघायला लागायचं. मला देवाचं फारसं कौतुक नाही, पण त्या रेघेचं होतं.

दवाखान्यात मनगटाच्या वरून हात काढला. इकडं पुलावर कुणीतरी ट्रॉलीच्या टायरातली हवा सोडली आणि मूर्ती सुखरूप पलीकडं गेली. ही अक्कल आधी कुणालाच सुचली नव्हती, मलाही नाही.

शेजारीण भेटायला आली. "विघ्नहर्ताच हाय बाई, जीव तरी वाचवला."

"मग हात कुणी नेला?" मी विचारलं. ती चहा न घेता गेली.

पुढच्या श्रावणात त्यांनी कुंचला माझ्या हातात दिला. मागं बसून सांगत होते, "वर घे, आता सोड, सोड की गं!" मी रेघ ओढली. डोळे झाले, पण कुणी दार वाजवल्यावर दचकावं तसे. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"ह्यो गणपती न्हवं," ते म्हणाले, "ही तू हाईस."

आम्ही दोघंही हसलो. मग ते उठून बाहेर गेले. मोठी मंडळं दुसऱ्या कारखान्यांकडं वळली. आमच्याकडं पणत्या आणि बेंदराच्या सणाचे मातीचे बैल राहिले, त्यांना डोळ्यांच्या जागी ठिपका चालतो. संध्याकाळी ते कठड्याशी जाऊन उभे राहायचे. थंडीत शालीच्या आत, उन्हाळ्यात टॉवेलखाली, थोटूक कायम झाकलेलं. नाल्याच्या काळ्या पाण्यावर दिव्यांचा उजेड हलायचा आणि त्यांचा डावा हात लोखंडाच्या गार पानांवरून फिरत असायचा. त्या लोखंडावर त्यांचा राग दिसला नाही. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढं रस्ता रुंद करताना कमान गॅसनं कापली. ठिणग्या खाली पाण्यात पडून विझत होत्या, तुकडे भंगाराच्या टेम्पोत चढत होते. ते शेवटपर्यंत उभे राहिले.

"आता किती बी उंच करा म्हणावं," एवढंच बोलले आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. त्यानंतर ते पुलाकडं गेले नाहीत, आणि माझ्याशीही कामापुरतंच बोलायचे.

माघात ते गेले. आता पुलावर सिमेंटचा सपाट कठडा आहे आणि तिथं काय होतं हे नवीन पोरांना विचारून उपयोग नाही. काळ जातो म्हणतात. मला तो एकदम गेलेला दिसला नाही, तुकड्यातुकड्यानं सगळं नेताना दिसला. आधी हात गेला, मागनं माणूस गेला. दोन्ही वेळा मागं राहिले ती मी.