मगरीपाशी राहिलेला चेंडू

दंतवैद्याने आपल्या मेहुण्याला गोल्फमध्ये आजवर एकदाही हरवलेलं नव्हतं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. ट्रक भाड्याने देण्याचा त्याचा धंदा. खेळ रांगडा, तोंड त्याहून रांगडं. मैदानावर एकदा हरवून त्याचं भागत नसे. भावोजींना तो जेवणाच्या टेबलावर पुन्हा एकदा हरवायचा, तेही बहिणीसमोर. आज मात्र शेवटच्या होलला दोघं बरोबरीत आले होते आणि मेहुणा बराच वेळ गप्प होता. दंतवैद्याला ती शांतता फार आवडली होती.

मग त्याने मारलेला चेंडू हवेतच उजवीकडे वळला आणि तळ्याकाठच्या लव्हाळ्यात गेला.

"कवळी निसटावी तसा निसटला, भावोजी," मेहुणा म्हणाला.

"मामा, जरा गप्प बसता का?" लेक म्हणाली. जीवशास्त्राची परीक्षा आटोपून ती नुकतीच घरी आली होती आणि वडिलांची पिशवी वाहायला म्हणून आज बरोबर आली होती. "बाबा, मी येऊ शोधायला?"

"नको. तू पिशवीपाशी थांब."

नको का म्हटलं, हे त्या क्षणी त्याला खरोखर माहीत नव्हतं. पुढे मात्र 'मला माहीत नव्हतं' असं स्वतःला सांगणं त्याला कधीच जमलं नाही.

लव्हाळं डोक्यापेक्षा उंच होतं. आत शिरलं की मैदान दिसेनासं होई, फक्त माणसांचे आवाज येत. शोधायला तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात चेंडू सापडला नाही तर एका फटक्याचा भुर्दंड सोसून, मागे जाऊन पुन्हा मारायचा. म्हणजे आज हरायचं. या खेळात पंच नसतो. आपले फटके आपण मोजायचे, आपला चेंडू आपण ओळखायचा आणि समोरच्याने विश्वास ठेवायचा.

"मुदत संपत आली हो," बाहेरून मेहुण्याचा आवाज आला.

दंतवैद्याचा हात खिशात गेला. तिथे दुसरा चेंडू होता. त्याच्यावरही तीच निळी खूण, कारण आपल्या सगळ्या चेंडूंवर तो सारखीच खूण करत असे. चेंडू पँटच्या पायाला घासत खाली आला आणि लव्हाळ्याच्या कडेला, मारता येईल अशा जागी पडला.

"सापडला," तो ओरडला. आवाज अगदी रोजचा निघाला. 'दुखणार नाही' असं पेशंटला सांगतो, तसा.

मग त्याने मान वर केली आणि त्याला मगर दिसली.

खरं तर आधी ढीग दिसला. माती आणि कुजलेलं गवत, गुडघ्याच्या वर येईल एवढा. त्याला टेकून ती पडली होती. तोंड मिटलेलं, तरी खालच्या जबड्यातला पुढून चौथा दात बाहेरून स्पष्ट दिसत होता. वरच्या जबड्यात त्याच्यासाठी खाच असते आणि तो तिथे नेमका बसतो, हे दंतवैद्याने कॉलेजात कधीतरी वाचलं होतं. ती हलत नव्हती. फक्त घशाखालची कातडी खालीवर होत होती. ढीग म्हणजे तिचं घरटं होतं, आणि अंडी असताना मादी घरटं सोडून लांब जात नाही. तिच्या पुढच्या पायाजवळ त्याचा पहिला चेंडू पडला होता.

अशा वेळी काय करायचं, हे क्लबात प्रत्येकाला पाठ होतं. चेंडूजवळ धोक्याचं जनावर असेल तर ओरडून सगळ्यांना सांगायचं, तो चेंडू सोडून द्यायचा आणि सुरक्षित जागी दुसरा ठेवून खेळायचं. भुर्दंड नाही. क्षणभर आधी मान वर केली असती तर हे सगळं त्याच्या हक्काचं असतं. आता 'मगर' म्हटलं की मेहुणा धावत येणार, लेक त्याच्याही आधी, आणि दोघांनाही दोन चेंडू दिसणार.

तो एकेक पाऊल मागे घेत बाहेर आला. होल संपला की लगेच कार्यालयात सांगू, असं त्याने ठरवलं. तेवढ्या वेळात काय होणार होतं?

खिशातला चेंडू त्याने मारला. इतका सरळ फटका त्याच्या हातून क्वचितच बसला असेल. पुढचा फटकाही साधला आणि चेंडू झेंड्याजवळच्या हिरवळीवर जाऊन थांबला.

"भावोजी, आज काय खाऊन आलात?" मेहुणा म्हणाला. त्याचा स्वतःचा चेंडू खड्ड्याच्या कडेला फिरून बाहेरच राहिला होता. आता दंतवैद्याने हातभर अंतरावरून चेंडू आत ढकलला की संपलं.

तो वाकला तेव्हा मागच्या गटातला कुणाचा तरी चेंडू लव्हाळ्याकडे जाताना दिसला. पाठोपाठ पांढरी टोपी घातलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई पिशवीची ढकलगाडी घेऊन त्याच दिशेने निघाल्या. बाई हरवलेला चेंडू सोडून देत नसत. निम्म्या क्लबाचे चेंडू त्यांच्या पिशवीत सापडतील, असं लोक म्हणत.

ओरडावं, असं त्याच्या मनात आलं. मग आलं की बाई कडेकडेनेच शोधतील. मग आलं की आधी हा चेंडू ढकलावा. विचार याच क्रमाने आले, आणि तिसरा आल्यावर त्याने चेंडू ढकलला.

चेंडू खड्ड्यात पडला. मेहुण्याने त्याला कडकडून मिठी मारली. "ताईला मीच सांगणार," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तर तिचा विश्वास बसायचा नाही."

त्याच्या खांद्यावरून दंतवैद्याला दिसलं, पांढरी टोपी लव्हाळ्यात शिरत होती.

तो मिठी सोडवून उतारावरून धावत सुटला. "बाई, मागे फिरा. आत मगर आहे. मागे फिरा."

बाई थांबल्या, पण आतून ट्रकच्या ब्रेकमधून हवा सुटावी तसा आवाज आला आणि लव्हाळं एकदम आडवं झालं. बाई पाठीवर पडल्या. जबडा मिटला तो त्यांच्या पिशवीच्या ढकलगाडीच्या चाकावर. दंतवैद्याने आणि मागून पोहोचलेल्या लेकीने बाईंना काखांखाली धरून ओढत बाहेर आणलं. मगरीने चाक सोडलं आणि ती मागे सरकत आपल्या ढिगापाशी गेली.

बाईंचं कोपर खरचटलं होतं. बाकी काही नव्हतं. त्या गवतावर बसल्या आणि श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, "देवासारखे धावून आलात हो, डॉक्टर."

"आज दिवसच भावोजींचा आहे," मेहुणा धापा टाकत म्हणाला.

लेक एकदा लव्हाळ्याकडे आणि एकदा वर हिरवळीकडे बघत होती. तिला शंका आली नव्हती, फक्त प्रश्न पडला होता. "पण बाबा, तिथून तुम्हाला ती दिसली कशी? लव्हाळं तर माणसापेक्षा उंच आहे."

हलताना दिसली, असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी मानलं असतं.

"मघाशी पाहिली होती," तो म्हणाला.

"मघाशी म्हणजे कधी?" बाईंनी विचारलं.

"चेंडू शोधताना."

"अहो, मग तेव्हाच ओरडायचं ना," मेहुणा म्हणाला. तो अजून भावोजींच्याच बाजूने होता. "चेंडू फुकटात बाजूला घेता आला असता. नियमच आहे."

"माझा चेंडू तिच्यापाशी पडलाय. मी खेळलो तो खिशातला."

आता टोमणा येईल म्हणून दंतवैद्य थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तो हवा होता. मेहुणा मात्र खाली वाकून बाईंच्या पिशवीतून सांडलेले चेंडू गोळा करायला लागला.

"म्हणजे मी आत जात होते, ते तुम्ही बघत होतात," बाई म्हणाल्या. वर्गात मुलाकडून उत्तर काढून घ्यावं, तसा त्यांचा आवाज शांत होता.

"हो."

"आणि तुम्ही खेळत होतात."

"एक फटका राहिला होता."

हे म्हणायला नको होतं, हे त्याला म्हणताम्हणताच कळलं. बाईंनी मान हलवली. "उद्या माझी दाढ काढायची होती ना तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "राहू द्या ते."

लेकीने आपला रुमाल भिजवून बाईंच्या कोपराला बांधला. गाठ नीट बसली होती, तरी ती सोडून तिने पुन्हा बांधली. बाबांकडे तिने पाहिलं नाही.

तेवढ्यात क्लबाचे व्यवस्थापक गाडीवरून आले. त्यांनी लव्हाळ्याकडे एक नजर टाकली, सगळ्यांना आणखी मागे सारलं आणि वनखात्याला फोन लावला. "कुणी पाहिली आधी?" त्यांनी विचारलं.

गोळा केलेले चेंडू बाईंच्या पिशवीत टाकत मेहुणा म्हणाला, "भावोजींनी."

दंतवैद्याने जागा सांगितली. ढीग केवढा, तोंड कुठल्या बाजूला, पाणी किती लांब, सगळं बिनचूक. व्यवस्थापक ते फोनवर तसंच्या तसं पुढे सांगत गेले. मग फोनवर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं डॉक्टर, तुम्ही लगेच सांगितलंत."

"लगेच नाही," दंतवैद्य म्हणाला.

पलीकडून कुणी तरी बोलत होतं, त्यामुळे व्यवस्थापकांना ते ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं, आणि दंतवैद्याला ते पुन्हा, जरा मोठ्याने सांगावं लागलं.