शेजारची सीट

काच खाली करायच्या हँडलची ही काळी मूठ नवी होती, तकतकीत, बोटांत नेमकी बसणारी. मर्ल स्टॉफर ती फिरवून पाहत होता... काच खाली, काच वर, पुन्हा खाली. कुठे अडकते का? अडकत नव्हती. त्याच्या वेळी ही मूठ तुटली होती आणि दोन हिवाळे त्यानं तिथं पक्कड अडकवून ठेवली होती. या शनिवारी बसवतो, असं तो बायकोला, ग्लेंडाला म्हणायचा. मग ग्लेंडा त्याची राहिली नाही, गाडी त्याची राहिली नाही. शनिवार तेवढे उरले.

"डॅड, थंडी येतेय," ट्रीना म्हणाली.

त्यानं काच वर केली.

सोळा वर्षांची त्याची मुलगी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती. आज तिची लायसन्सची परीक्षा. समोर ते लांबच लांब किरमिजी बॉनेट – शहात्तर सालच्या वसंतात ही कटलस त्यानं शोरूममधून बाहेर काढली तेव्हा ट्रीना मागच्या सीटवर उभी राहून त्याच्या गळ्यात हात टाकून ओरडली होती, "डॅड, आपलं घरच चालायला लागलं!" मखमली सीटा, मागच्या अर्ध्या छतावर पांढरं रेक्झिन, आणि पेट्रोल असं पिणार की ग्लेंडा तिला मर्लची दुसरी बायको म्हणायची. घटस्फोटात ती त्यानं आपण होऊन ग्लेंडाला देऊन टाकली. आपण रेल्वे यार्डातला माणूस, आपल्याला पिकअप पुरे... मोठेपणा केला होता. तेव्हा कुठं ठाऊक होतं की वर्ष उलटायच्या आत ती वेंडल प्रुएटशी लग्न करेल, आणि औषधांच्या दुकानात गोळ्या मोजणारा हा माणूस रविवारी सकाळी बाह्या सरसावून माझ्या गाडीला मेण चोळत बसेल – माझ्या! पाच वर्षं झाली तरी तोंडात 'माझ्या'च येतं.

पण आज ट्रीनानं त्याला बोलावलं होतं, वेंडलला नाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "डॅड, मंगळवारी माझ्याबरोबर येशील?" आणि तो यार्डात दिवसभर शीळ घालत हिंडला. केस कापून घेतले. चांगलं जॅकेट काढलं.

"तुझी आई काय म्हणाली, मी येतोय म्हटल्यावर?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काही नाही. वेंडलनंच सुचवलं ना. म्हणाला, परीक्षेला डॅडला घेऊन जा, त्याला बरं वाटेल."

मर्ल बाहेर पाहू लागला. मक्याची कापलेली शेतं, पाण्याची टाकी, एक कुत्रं. म्हणजे हेही त्याचंच देणं! ही सीट, हा मंगळवार, मुलीशेजारी बसण्याचा हा तास – सगळं त्या भल्या माणसानं माझ्या थाळीत वाढलेलं. आणि भला आहे, हेच तर... दारू पिऊन ओरडणारा असता, पोरीवर हात उगारणारा असता, तर त्याच्या दारात जाऊन कॉलर धरता आली असती. मूठ बसवणाऱ्या माणसाची कॉलर कशी धरायची?

परीक्षेला अवकाश होता, म्हणून चर्चच्या मोकळ्या आवारात त्यांनी दोन रिकामी खोकी ठेवली आणि ट्रीनानं त्यांच्यामधल्या जागेत गाडी मागे घेऊन दाखवली. हळू, थांबत, मान वळवून, ओठांत पुटपुटत. गाडी अलगद जागेवर बसली.

"वेंडल म्हणतो, ही गाडी म्हणजे सोफा समज. दारातून सोफा आत घेताना घाई करतो का आपण?"

ती हसली. त्याला हसू आलं नाही.

"असं रांगत बसलीस तर संध्याकाळ होईल," तो म्हणाला. "सोफा म्हणे! मागचं चाक खोक्याच्या रेषेत आलं रे आलं, की स्टिअरिंग पुरं फिरवायचं. एका दमात. मी वीस वर्षं असंच लावतोय."

"पिकअप?"

"गाडी ती गाडी."

तिनं त्याच्याकडे पाहिलं – जरा जास्तच वेळ – आणि म्हणाली, "बरं."

दुसऱ्यांदा गाडीचं नाक थोडं तिरपं राहिलं. ते त्याला दिसलं होतं. या गाडीचं नाक लांब, ते बाहेर फेकलं जातं, हे त्याच्या हातांना कधीकाळी पाठ होतं... दिसलं होतं, आणि तो म्हणाला, "झकास!"

लायसन्सच्या कचेरीत यंत्रातली पाणचट कॉफी घेऊन तो खिडकीशी उभा राहिला. पलीकडे आवारात कटलस फिरत होती. शेजारच्या सीटवर आता परीक्षक बाई, मांडीवर कागद. ट्रीना वळली, थांबली, सिग्नल दिला. छान. सगळं छान, सगळं वेंडलसारखं नीटनेटकं. आज घरी केक असेल, ग्लेंडा रडेल, वेंडल लाजून म्हणेल, छे, मी काय केलं, पोरगीच हुशार... आणि मी पिकअपमध्ये बसून हात हलवीन. मग त्याला कळलं की आपण मनातल्या मनात काहीतरी म्हणतोय. तेच तेच. चुकू दे. एकदाच. चुकू दे.

गाडी नारिंगी शंकूंपाशी आली. मागे सरली. थांबली नाही, स्टिअरिंग पुरं फिरलं, एका दमात, आणि ते लांब किरमिजी नाक झोकात बाहेर गेलं. पुढचा शंकू आडवा झाला.

छातीत काहीतरी गोड, गरम उसळलं. क्षणभरच. मग त्याला तिचे खांदे दिसले.

ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. "पुढच्या आठवड्यात पुन्हा," ती म्हणाली. "तू चालव, डॅड. मला नको आता."

"अगं, पण तुला येत होतं! तू तुझ्या पद्धतीनं का नाही..."

"तू खिडकीत उभा होतास ना."

तो स्टिअरिंगमागे बसला, सीट मागे सारली. इंजिन सुरू झालं तेच खोल, घुमणारं. आणि ते ऐकायला तो किती आसुसला होता हे आठवलं, पण ऐकू मात्र काहीच येत नसल्यासारखं वाटलं.

"वेंडलला सांगू नकोस हं," खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली. "तुझ्या पद्धतीनं केलं ते. त्याला वाईट वाटेल. घाबरले होते म्हणून सांगीन."

सगळ्यांना सांभाळते ही. त्याला, मला, आईला – कधीपासून? हे हिला कुणी शिकवलं? हे वेंडलनं शिकवलेलं नाही, एवढं मात्र त्याला नक्की ठाऊक होतं.

घर आलं. वेंडल जेवणाच्या सुट्टीत दुकानातून आलेला, पांढऱ्या कोटातच पायऱ्यांवर उभा होता. गाडी पाहून त्यानं हात वर केला... आणि मग त्याला दिसलं, चालवतोय कोण, आणि ट्रीना कशी सीटवर पाय घेऊन बापाच्या बाजूला कलून बसलीय. हात अर्ध्यावर राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं – फार झरकन, दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. मर्लला दिसलं. रोज सकाळी दाढी करताना आरशात तो तेच पाहत आला होता.

याला? याला माझा हेवा?

आता आनंद व्हायला हवा होता. त्यानं मनात चाचपून पाहिलं, खिशात किल्ली चाचपावी तसं. नव्हता. ट्रीना दार उघडून उतरली, वेंडलकडे चालत गेली. मर्ल गाडीतच बसून राहिला, इंजिन चालू ठेवून, आणि पायरीवरचा तो माणूस तिचं खोटं मान डोलावून ऐकून घेताना पाहत राहिला. आणि त्याला वाटलं, कुणीतरी हळूच जाऊन याला सांगावं की पोरगी चुकली ती माझ्यामुळे, माझा हेवा करावा असं काही नाही.