बावीस पावलं

"सही डाव्या पानावर," मोजणीकाका खिडकीतून म्हणाले. "उजवं पान पाखरांचं आहे."

नाव, गाव, माणसं, वेळ असे चार रकाने आखलेले होते. खिडकीबाहेरच्या टोपीवाल्याने त्या चारांत मिळून एकच ऐसपैस सही ठोकली. गळ्यात त्याच्या हातभर लांबीचा कॅमेरा होता. काकांनी सुस्कारा सोडला, पट्टी ठेवली आणि सहीच्या अंगावरून रकान्यांच्या रेघा पुन्हा ओढल्या. शिस्त लागायची ती लागलीच पाहिजे, मग ती माणसाला लागो नाहीतर त्याच्या सहीला.

तळ्याकाठच्या राखीव माळरानाच्या फाटकावर काका एकतीस वर्षं कारकून होते. मोजणीकाका हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण चुकीचं ठेवलं असं कुणी म्हणणार नाही. फाटकापासून तळ्यापर्यंत दोन हजार एकशे चाळीस पावलं, हे त्यांनी मोजलेलं. तळ्यावरची बदकं मोजलेली. बायकोच्या शिंकासुद्धा मोजलेल्या. "सकाळपासून अकरा. उद्या सर्दी," असं ते सांगत आणि दुसऱ्या दिवशी सर्दी होई, त्यामुळे बायकोला राग काकांचा यायचा की नाकाचा, हे तिचं तिलाच कळत नसे.

पूर्वी फाटकावर दोन वह्या असत, एक येणाऱ्यांची आणि एक पाखरांची. काकांनी त्यांची एक केली. डावीकडे कोण आलं, उजवीकडे काय दिसलं. मोठ्या साहेबांनी या युक्तीबद्दल "वा!" म्हटलं होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीतला तो एकमेव "वा" होता, आणि त्याचीही तारीख काकांच्या लक्षात होती. एखादं पाखरू दिसलं नाही तर ते रकाना कोरा सोडत नसत. तिथे लिहीत, 'निरंक'. कोरा रकाना आळशाचा. निरंक म्हणजे माणूस गेला, शोधलं, आणि नव्हतं.

त्या दिवशी उजव्या पानावर मात्र निरंक नव्हतं. 'रातवा, जोडी १, अंडी २. तिसऱ्या दगडापासून तळ्याकडे बावीस पावलं, वाकड्या झुडपाच्या सावलीत. कोणालाही तिकडे सोडू नये.' दुपारच्या पाळीला येणाऱ्या रखवालदारीणबाईंना कळावं म्हणून लिहिलेलं. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

टोपीवाला सही करून झाल्यावरही थोडा रेंगाळला. फोन काढून वेळ पाहिल्यासारखं त्याने केलं.

"छान अक्षर आहे हो तुमचं," तो म्हणाला.

अक्षराचं कौतुक काकांना आवडलं. घरी गेल्यावर त्यांनी ते सांगितलंसुद्धा. मग रातव्याचं सांगितलं.

"घरटं बांधत नाही तो. पाचोळ्यावरच अंडी, आणि वर बसून राहायचं. रंग हुबेहूब पाचोळ्याचा. डोळे चमकू नयेत म्हणून तेही मिटून घेतो, बारीक फट ठेवून. पाच पावलांवर होतो मी, तरी दिसेना."

"अंड्यांवर तो बसतो?" बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"नाव तो आहे. बसलेली बहुधा ती."

"तरीच. मला वाटलं, निदान पाखरांत तरी असा एखादा नवरा निघाला." तिने भांडं परत उचललं. "आणि काय हो, पाखरू न् पाखरू लिहिता. इतक्या वर्षांत माझी कधी नोंद केलीत?"

"येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद असते," काका म्हणाले. "कायमच्यांची नसते."

त्या संध्याकाळी पहिला चहा काकांना मिळाला.

रविवारी सकाळी नऊ वाजता फाटकाबाहेर अकरा गाड्या उभ्या होत्या. एरवी तीन असत. कुणाचं लग्नाचं वऱ्हाड वाट चुकलं की काय, असं काकांना वाटलं. पण वऱ्हाडी असे मातकट कपडे घालत नाहीत. खिडकीशी एक जण वाकला.

"काका, ती बावीस पावलं दगडाच्या अलीकडून मोजायची की पलीकडून?"

"कसली बावीस पावलं?"

"ही काय." त्याने फोन पुढे केला.

फोनवर काकांचं अक्षर होतं. त्यांचा गाठीचा 'ठ', त्यांचा शेपटीवाला 'झ', सगळं जसंच्या तसं. 'कोणालाही तिकडे सोडू नये' हेही होतं, दोन रेघांसकट. त्याखाली कुणीतरी हसणारे पिवळे चेहरे टाकले होते. चार.

एकतीस वर्षांत काकांनी कामाच्या वेळेत खिडकी बंद केली नव्हती. ती त्यांनी बंद केली आणि ते निघाले.

तिसऱ्या दगडापासून पुढे मोजायची गरजच नव्हती. गवत तुडवून तुडवून सरळ वाट पडली होती. वाकड्या झुडपाभोवती नऊ माणसं. टोपीवाला पोटावर पालथा पडलेला. झुडपाची जी फांदी सावली देत होती, ती मोडून नीट बाजूला ठेवली होती, जेवायला बसताना चप्पल ठेवावी तशी. मधोमध उन्हात रातवा बसला होता. डोळे मिटलेले, चोच किंचित उघडी. गळ्याची कातडी भराभर हलत होती.

"उघड की रे डोळे!" कुणीतरी चुटक्या वाजवत होतं. "एकदाच. राजा माझा!"

काका पुढे झाले.

"काका, जरा बाजूला व्हा. सावली पडतेय."

"सावलीच पाहिजे त्याला," काका म्हणाले.

"अहो, आम्ही पक्षिप्रेमी आहोत," टोपीवाला मान न उचलता म्हणाला. "अंडी चोरायला नाही आलो."

"चोर परवडला. तो लवकर जातो."

दोघे-तिघे हसले. तेवढ्यात मागून एक खडा आला. लहानसाच, रातव्याच्या शेपटीजवळ पडला. रातव्याने डोळे टक्क उघडले. नऊ कॅमेरे एकदम कडकडले. आणि मग पाचोळ्याचा एक तुकडा जमिनीपासून सुटावा तसा तो उठला, लंगडत लंगडत उडाला आणि गवतात गेला. मागे दोन अंडी राहिली. राखाडी, ठिपक्यांची, उन्हात.

काका ओरडले नाहीत. ओरडायची त्यांना सवय नव्हती.

"आता आपल्यातला शेवटचा माणूस जाईपर्यंत तो यायचा नाही," ते म्हणाले. "म्हणजे मलाही जायला हवं. चला."

एक बाई खाली मान घालून लगेच निघाली. तिच्या मागून बाकीचे, एकेक करून. टोपीवाला म्हणाला, "दोनच मिनिटं." त्याची दोन मिनिटं काकांच्या घड्याळात चाळीस भरली. मग काकांनी मोडलेली फांदी अंड्यांवर कशीबशी तिरकी टेकवली आणि तेही निघाले. मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी पाहिलेलंही रातव्याला नकोच असणार.

दुसऱ्या दिवशी पाचोळ्यात दीड कवच होतं आणि तिसऱ्या दगडावर तीन कावळे.

काकांनी पट्टी ठेवली आणि लिहिलं. 'रातवा: निरंक.' शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'कारण: ही वही.'

साहेब महिन्याच्या तपासणीला आले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "असं लिहितात का हो कुठे? 'नैसर्गिक कारण' लिहा."

"लिहून पाहिलं साहेब. पट्टी ठेवूनही सरळ येत नाही."

साहेबांनी वह्या पुन्हा दोन करायला सांगितल्या. काकांनी त्याच दिवशी केल्या. 'वा' म्हटल्याची तारीख तेव्हापासून त्यांनी कुणाला सांगितली नाही.

थंडीत टोपीवाला मोठी चौकट घेऊन आला. त्या फोटोला कुठलंसं बक्षीस मिळालं होतं आणि ही त्याची प्रत कचेरीला प्रेमाची भेट. साहेबांनी ती काकांच्या टेबलासमोर लावून घेतली.

"डोळा बघा काका, डोळा! नुसतं माणिक!"

"उघडा आहे."

"तेच तर!"

"अंड्यांवर तो डोळे मिटून बसतो."

"मग आमचं नशीबच म्हणायचं," टोपीवाला म्हणाला, आणि त्याने ते अगदी मनापासून म्हटलं. तो वाईट माणूस नव्हता. एवढंच, की त्याला नेहमी दोन मिनिटं जास्त लागत.

काकांनी खुर्ची फिरवून घेतली. चौकट आता पाठीमागे असे.

पुन्हा ऊन तापलं. एका सकाळी काका फेरी मारून आले, वही उघडली आणि पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. दुपारी रखवालदारीणबाई आल्या. त्यांनी आधी वही पाहिली, मग काकांच्या चपलेला चिकटलेला पाचोळा पाहिला.

"रातवा निरंक?"

"निरंक."

"बरं. मग तिकडे मी कुणाला फिरकू देत नाही."

"कुठं तिकडे?"

"निरंककडे," बाई म्हणाल्या आणि काठी घेऊन निघाल्या.

टोपीवाला त्याच आठवड्यात आला. सही केली, यंदा चारही रकान्यांत, नीट. मग त्याने विचारलं. काकांनी पाखरांची वही स्वतःच्या हाताने त्याच्याकडे वळवली. त्याने बोट ठेवून वाचलं आणि हळहळला.

"तुमच्या वहीत नाही म्हणजे खरंच नसणार," तो म्हणाला आणि गाडीत बसून गेला.

काकांनी वही मिटली. ते वाक्य त्यांना खड्यासारखं लागलं होतं.

"चेहरा का असा?" घरी बायकोने विचारलं.

"खोटी नोंद केली आज."

"तुम्ही?" ती समोर येऊन बसली. "कुणाची?"

काका चहाचा कप फिरवत राहिले. "कायमच्याची," ते म्हणाले.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "चला. माझ्या रकान्यात कुणी सोबतीला तरी आलं."

सकाळी काका फेरीला निघाले. ठराविक दगडाशी वळले आणि सवयीने आकडे ओठांवर आले. बारा, तेरा, चौदा. ते थांबले. मग बायकोच्या शिंका आठवून आठवून मोठ्याने मोजू लागले, परवाच्या सात, कालच्या चार, आज उठल्यापासून दोन, आणि पाय आपले चालत राहिले. पाचोळ्यापासून बऱ्याच अंतरावर ते उभे राहिले. पाचोळ्याने डोळे मिटलेले होते.

तिथवर किती पावलं होती, हे त्यांना सांगता आलं नसतं.