पश्चिमेचा उतार

टेकडीतला अर्धा वाटा पाव झाला, हे मास्तरीणबाईंच्या नावे आलेल्या पत्रातून कळलं. बाई जाऊन चार महिने झाले होते, म्हणून पत्र फोडलं त्यांच्या नवऱ्याने. तो निवृत्त बसड्रायव्हर.

खनिजं शोधणाऱ्या दोन कंपन्यांनी भागीदारीत एक टेकडी घेतली होती. बाईंचे शेअर एकीत होते. त्या कंपनीने यंदाच्या खोदाईच्या खर्चात आपला हिस्सा घातला नाही म्हणून दुसरीने तिचा वाटा कापला. ही म्हणे, आम्हाला न विचारता खोदलंतच का? आता भागधारकांनी वार्षिक सभेत ठरवायचं होतं, कोर्ट की तडजोड.

“दाजी, ताई असती तर अध्यक्षाची बिनपाण्याने केली असती,” मेहुणा म्हणाला.

“म्हणून तर जायचं. यंदा तो तसाच सुटायला नको.”

बाई दर सभेत एकच प्रश्न विचारत. सगळे पूर्वेलाच उकरताय, पश्चिमेच्या उतारावर भोक कधी पाडणार? दर वर्षी हशा पिकायचा. ड्रायव्हर मागे बसून बिस्किटं खायचा.

यंदा तो पुढे बसला. अध्यक्षांनी भागीदाराचा प्रस्ताव वाचला. पूर्व बाजू सगळी त्यांची, पश्चिम सगळी आपली, भांडण मिटलं.

“म्हणजे शेपूट घालायचं?” एक वकील उसळला. “पश्चिमेला कुत्रं फिरकत नाही!”

“कोर्टात गेलात तर निकाल ऐकायला नातवंडांना पाठवा,” औषधांच्या दुकानवाल्या बाई म्हणाल्या.

“तुम्हाला काय कळतं खाणीतलं?”

“तुम्हाला तरी काय कळतं? कळत असतं तर हे शेअर घेतले असतेत का?”

सभागृह हसलं. त्या गडबडीत ड्रायव्हर गुडघ्यावर हात टेकून उठला.

“पश्चिमेला काय आहे ते मला माहीत नाही.”

“मग बसा, काका!”

“तुम्हालाही नाही. पूर्वेला एवढी भोकं पाडली, निघालं काय? भांडण.” परत हशा. तो ओसरेपर्यंत ड्रायव्हर थांबला. “माझी बायको दर वर्षी पश्चिमेचं विचारायची. एकदा पाडून तर बघा. काही नाही निघालं, तर तिचं चुकलं म्हणू. चाळीस वर्षांच्या संसारात ती संधी मला एकदाही मिळाली नाही.”

या वेळी कुणी लगेच हसलं नाही. मग अध्यक्षच हसले आणि सगळे हसले.

तडजोडीसाठी हात वर झाले. ड्रायव्हरचा सगळ्यात आधी.

“काका, तुमचा हात धरता येत नाही,” अध्यक्ष ओशाळून म्हणाले. “शेअर अजून बाईंच्या नावावर आहेत.”

“मग तिचा धरा.”

“नियम आहे हो.”

ड्रायव्हरने हात खाली घेतला. मोजणी अटीतटीची चालली होती. तेवढ्यात वकिलाने हात वर केला.

“काय बघताय? बाईंचं चुकलेलं मलाही बघायचंय!”

तडजोड मंजूर झाली. मेहुण्याने बाहेर पडताना खिसाभर बिस्किटं घेतली.

“दाजी, शेअर नावावर करून घ्या. पुढच्या वर्षी हात मोजतील.”

“करू.”

पश्चिमेच्या उतारावर यंत्र अजून चढलेलं नाही. शेअर अजून तिच्याच नावावर आहेत.