वहिनीच्या लग्नाची डिस्क

खरं सांगायचं तर अक्षया भिडस्त, आणि तिच्या भिडेपायी सगळं अडलं होतं.

रत्नागिरीच्या कॉलेजात ती प्रकाशावर संशोधन करत होती. मुंबईच्या सरांनी विश्वासाने एक लेन्स दिलेली, मेटामटेरियलची. म्हणजे निसर्गात नसलेली रचना माणसाने मुद्दाम घडवायची. इथे अतिसूक्ष्म मणी रचून केलेला एक इवलासा थेंब. प्रकाशाच्या लहरीहून फार बारीक काही असलं की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याची गिचमिड होते. ही लेन्स ते सुटं करून दाखवणार होती. दाखवतेय कसली! सोमवारपर्यंत काही दिसलं नाही तर लेन्स सरांना परत करायची होती, आणि तिच्याबरोबर अक्षयाचं संशोधनही बंद.

लेन्स तपासायला बारीक रेघा हव्यात, त्या ब्लू-रे डिस्कवर असतात. पण हल्ली डिस्क विकतो कोण? शेवटी समीक्षावहिनीने कपाटातून स्वतःच्या लग्नाची काढून दिली.

"जप हां गो. ह्यात बाबा आहेत."

वहिनीचे वडील, पूर्णगडचे आत्माराम तांडेल, उभ्या जन्मात कुणी हसताना पाहिले नव्हते. लेकीच्या मांडवात मात्र बेभान नाचले, आणि पुढच्याच वर्षी गेले.

झालं! अक्षयाने डिस्कला नख लावलं नाही. रेघा तर पारदर्शक पापुद्र्याखाली. बारकावे सांगणारा प्रकाश वस्तूच्या अंगालगतच विरून जातो, लांब येतच नाही. लेन्स थेट रेघांवर टेकली तरच तो सापडायचा. पापुद्रा सोलायला हवा हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण वहिनीला सांगायचं कुठल्या तोंडाने?

शनिवारी वहिनी डबा घेऊन प्रयोगशाळेत आली. "तोंड का उतरलंय?" म्हणाली, तेव्हा अक्षयाने एका दमात सगळं ओकून टाकलं.

वहिनीने डबा टेबलावर ठेवला.

"अगो वेडे, ती कधीचीच बंद पडलीय. लावली की नुसता निळा पडदा. दुकानदार म्हणाला, ह्यात काही उरलं नाही, फेकून द्या. मला टाकवेना, म्हणून साडीच्या घडीत ठेवलेली."

"मग आधी सांगायचं नाही?"

"तू विचारलंस कधी?"

अक्षयाला रडू येत होतं आणि हसूही. पापुद्रा वहिनीनेच काढला, दुधावरची साय धरावी तसा, अलगद. अक्षयाने लेन्स रेघांवर टेकवली.

सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर पुन्हा तीच करडी गिचमिड. तिने चाकी हळूच फिरवली. एक रेघ सुटी झाली. शेजारी दुसरी. मधल्या काळ्या फटीसकट!

"दिसलं! वहिनी, दिसलं गो!"

वहिनी पडद्याला नाक लावून उभी. "ह्यातच कुठेतरी बाबा नाचतायत?"

"ह्यातच. ह्या रेघांतच लिहिलंय सगळं."

वहिनीने पदराने डोळे पुसले.

"आणि तो मेला म्हणत होता, काही उरलं नाही! लाव सरांना फोन. सांग, लेन्स मिळणार नाही परत."