खाली ठेवलेला पेला

मित्रांनो, माझी चोच बघून हसू नका. मी एक जुनी दल्ला आहे, म्हणजे कॉफीची पितळी किटली. माझे बूड काळे पडले आहे आणि पोटाला एक पोचा आहे. उंटाने लाथ मारली म्हणून तो पडला, असे सगळे सांगतात. खरे तर मी घाईघाईत कुणाच्या तरी हातून निसटले होते. पण उंटाची गोष्ट मला शोभते, म्हणून मी ती चालू दिली.

डोंगरापलीकडच्या गावातल्या एका तांबटाने मला घडवले. तो ठोके घालताना बायकोशी भांडायचा, त्यामुळे माझे झाकण जरा तिरके बसले. मग माझ्या आताच्या मालकाच्या, खल्फानच्या, वडिलांनी मला घेतले आणि मी त्यांच्या काळ्या लोकरीच्या तंबूत राहायला आले. तेव्हा इथे, या अरबी वाळवंटात, शहर नव्हते. वाळू होती, विहीर होती आणि कुठून तरी पाहुणा येत असे. पाहुणा आला की मला निखाऱ्यांवर बसवत. पोटात वेलदोड्याची कॉफी आणि चोचीत गाळणी म्हणून खजुराच्या काथ्याचा बोळा! त्या दिवसांत माझी ऐट काही विचारू नका.

पुढे समुद्राकाठी उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. तंबू गुंडाळले गेले आणि सगळे थंडगार खोल्यांत राहायला गेले. मला काचेच्या कपाटात ठेवले. येणारे-जाणारे म्हणत, "वा, काय सुंदर आहे!" आणि थर्मासमधली कॉफी पीत. कौतुक होते, पण काम नव्हते. त्या कपाटात मला फार एकटे वाटले.

शहर वाढत चालले तेव्हा त्याच्या कडेची बरीच वाळू कुंपण घालून राखून ठेवली गेली आणि तिथे माहा परत आणल्या. माहा म्हणजे लांब सरळ शिंगांची पांढरी हरणे. शिकारीपायी ती या वाळवंटातून पार नाहीशी झाली होती. खल्फान तोपर्यंत म्हातारपणाकडे झुकला होता. त्या राखीव रानाच्या फाटकावर त्याला राखणदाराचे काम मिळाले, आणि पहिल्याच दिवशी त्याने कपाट उघडून मला बाहेर काढले.

"एवढी घासूनपुसून कुठं नेतोस तिला? लग्नाला?" त्याची बहीण मौझा म्हणाली.

"फाटकावर. पाहुणे यायचेत."

झाले! मी पुन्हा कामाला लागले. रान बघायला आलेल्या प्रत्येकाला आधी फाटकाजवळच्या तंबूत बसून कॉफी प्यावी लागे, असा खल्फानचा नियम होता. पेला रिकामा करून किंचित हलवला की पुरे असे आम्ही समजतो. परदेशी पाहुण्यांना ते ठाऊक नसे. एका सज्जन गृहस्थांना खल्फान कॉफी ओततच राहिला आणि तेही संकोचाने पीतच राहिले. शेवटी त्यांच्या बायकोने पेला हातातून हिसकावून घेतला. खल्फानला माणसांशी बोलता येत नसे, तो माझ्याआड लपायचा. पण कॉफी पिता पिता लोकांचे आवाज खाली येत, आणि त्याला तेच हवे असे.

मग मौझाचा मुलगा सैफ तिथला व्यवस्थापक झाला. पोरगा हुशार होता आणि मनाने चांगला होता, पण सतत घाईत असे.

"मामा, लोक शहरातून एवढ्या लांब येतात आणि वाळू बघून परत जातात. बोलणी मला खावी लागतात," तो एकदा म्हणाला. "आपण बसचा रस्ता थेट शमीच्या राईपर्यंत नेऊ."

खल्फानच्या हातात मी होते. त्याने मला परत निखाऱ्यांवर ठेवले. शमीची ती राई म्हणजे माहांची दुपारची सावली. गाभण माहा व्यायला तिथेच जात. त्या हिवाळ्यात एक अगदी दिवसांवर आली होती. बस तिथवर गेली असती तर ती बुजून उघड्या वाळूत निघून गेली असती, आणि तिथे नवजात पाडसाला आडोसा नव्हता.

"त्यांना प्राणिसंग्रहालयात पाठव," खल्फान म्हणाला. "तिथले प्राणी कुठं जात नाहीत."

"आणि लोक यायचेच बंद झाले तर? गोल्फचं मैदान करायला बरेच जण टपून बसलेत इथं. मग ना राई राहील, ना माहा."

 पोराचे म्हणणे खोटे नव्हते, आणि त्यामुळेच खल्फानला ते जास्त लागले.

त्या शुक्रवारी मौझाने भावाला जेवायला बोलावले. "थर्मासची कॉफी आज नको, तिलाच घेऊन ये," असे तिने बजावले होते. नमाज झाली, भात-मटण झाले. यजमान म्हणून सैफने मला डाव्या हातात धरले आणि मामाला पेला दिला. खल्फानने तो घेतला, समोर गालिच्यावर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिला.

"मामा, गार होतेय."

खल्फान भिंतीकडे बघत होता.

"वेलदोडा कमी पडला का?"

 सैफने तो पेला ओतून टाकला आणि गरम कॉफीने काठोकाठ भरून पुन्हा समोर ठेवला. मित्रांनो, मी चोच आवळून धरण्याचा किती प्रयत्न केला! पण चोचीला दार नसते.

तेवढ्यात मौझा खजुराचे ताट घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अरे कार्ट्या, मामाला हाकलतोस?"

"मी कुठं हाकललं? गरम कॉफी दिली!"

"काठोकाठ पेला म्हणजे पी आणि चालता हो! पाहुण्याचा पेला थोडाच भरतात, म्हणजे पुन्हा ओतता येतो. आणि त्यानं न पिता खाली ठेवला म्हणजे त्याला काहीतरी मागायचंय. तुझे आजोबा असते ना, तर तुला उंटाच्या शेपटीला बांधलं असतं!"

सैफ कानापर्यंत लाल झाला. त्याने पेला रिकामा केला, तळाशी थोडी कॉफी ओतली आणि दोन्ही हातांनी पेला पुढे धरला.

"मागा मामा. मागाल ते दिलं."

"राईपर्यंत रस्ता नको."

सैफने डोळे मिटले. पण शब्द गेला तो गेला. खल्फान कॉफी प्यायला.

"मग लोकांच्या तक्रारींचं काय करू?" सैफ कळवळून म्हणाला. "आता मी ठेवतो माझा पेला खाली!"

"यजमानाला नाही ठेवता येत," मौझा म्हणाली. "आपल्याच घरात कुणाकडं मागशील?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी, फाटक उघडायच्या आधी, सैफ तंबूत आला. चपला बाहेर काढून पाहुण्यांच्या बाजूला बसला. खल्फानने त्याला कॉफी दिली. सैफने ती शहाण्यासारखी घेतली आणि खाली ठेवली.

"चांगलाच शिकलास की!"

"विचारा ना मामा."

"बोल, काय पाहिजे?"

"बस इथंच थांबेल. पण इथून पुढं लोकांना तुम्ही पायी न्यायचं. रोज. तुम्हीच."

खल्फानचा चेहरा कारले चावल्यासारखा झाला. "मी? त्या कॅमेरेवाल्यांशी बोलू?"

"बोलू नका. नुसतं पुढं चाला."

"माझे गुडघे दुखतात."

"दिलं म्हणा मामा. गार होतेय."

मला इतके हसू आले की माझे तिरके झाकण खडखडले.

"दिलं! पी आता, चोरा," खल्फान म्हणाला.

त्याच सकाळी पहिली टोळी निघाली. पुढे खल्फान, काखेत कापडात गुंडाळलेली मी, मागे कुरकुरणारे लोक आणि सर्वांत शेवटी सैफ. सोनेरी सपाता घातलेल्या एका बाईंनी तर त्या काढून हातातच घेतल्या. वाऱ्याच्या उलट्या अंगाने आम्ही एका टेकाडामागे पोहोचलो. पाठीमागे लांबवर शहराच्या इमारती धूसर दिसत होत्या, समोर राई होती. खल्फानने हाताने बसायची खूण केली आणि सगळ्यांना थोडी थोडी कॉफी दिली. बराच वेळ काहीच दिसले नाही. एक गृहस्थ तक्रार करायला तोंड उघडणार, एवढ्यात सावलीतली वाळू हलली.

ती वाळू नव्हती. वाळूच्याच रंगाचे पाडस होते. ते उठले, धडपडले, पुन्हा उठले. झाडामागून आई पुढे आली आणि तिने शिंगे उंच करून थेट आमच्याकडे पाहिले. कुणी श्वासही घेईना. खल्फानने मला छातीशी इतके घट्ट धरले की माझ्या गरम पोटाने त्याची कातडी भाजली असेल. तरी तो हलला नाही. तिने खूप वेळ पाहिले. मग मान खाली केली आणि ती पाडसाला चाटू लागली.

सैफचे डोळे भरून आले होते. "मामा, तिनं बघितलं आपल्याला," तो कुजबुजला.

"हो. आणि बसू दिलं."

मित्रांनो, आता माझे बूड पातळ झाले आहे. एखाद्या दिवशी मी पुन्हा कपाटात जाईन, आणि त्याचे मला दुःख नाही. लोक अजून येतात, पायी चालतात. कुणाला पाडस दिसते, कुणाला नुसते ठसे. तुम्हीही कधी रान बघायला जाल, तेव्हा गाडी लांब उभी करा आणि आवाज खाली आणा. तिथे पाहुणे तुम्ही असता. यजमान सावलीत उभा राहून तुमच्याकडे बघत असतो. त्याला उठून जावे लागायच्या आत तुम्हीच उठा.